तलवारी बस झाल्या, आता 'रामदास' बोट दाखवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'पडद्यावर यायलाच हव्यात अशा ऐतिहासिक गोष्टी' म्हणून लेख आला होता, चहाबरोबर वाचला, आवडला पण. फक्त एक जाणवलं, सगळी यादी घाटावरची आणि निम्म्याच्या वर गोष्टींत घोडा. आम्ही खाडीकडची माणसं, आमच्याकडे घोडे कमी आणि होड्या जास्त, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

घोडे-किल्ले नकोत असं नाही हां. सांगलीचा जेलफोडीचा प्रकार तर किल्ल्यातलाच आहे, २४ जुलै १९४३, वसंतदादा आणि साथीदारांनी भरदिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या, पुढे कृष्णेला पूर आणि मागे पोलिस, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. हे नीट कुणी केलं तर फर्स्ट डे फर्स्ट शो मी जाणार. पण ते तुमच्या लेखात एका ओळीत तरी होतं. आमची रामदास बोट त्यात नव्हतीच.

तरुण वाचकांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढातली अमावस्या म्हणजे आपली गटारी. स्वातंत्र्याला बरोबर २९ दिवस बाकी. सकाळी आठच्या सुमारास 'एस. एस. रामदास' मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून समोर आमच्या अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदराला निघाली. बोटीत कोण, तर मुंबईत नोकरीधंदा करणारी आपलीच माणसं, सणाला घरी निघालेली, बायकापोरं, टोपल्या, पिशव्या. वाटेत समुद्रातल्या काशाच्या खडकाजवळ तुफान पावसात बोटीला मोठी लाट लागली, बोट एका अंगाला झुकली, घाबरून माणसं दुसऱ्या अंगाला पळाली आणि काही मिनिटांत सगळं पाण्याखाली. पाऊस आत येऊ नये म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांत कितीतरी जण अडकले असं आमच्याकडे जुनी माणसं सांगायची. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईहून निघून जेमतेम तास झाला होता.

आता कुणीही लगेच म्हणतं, भारताची टायटॅनिक. मला हे नाव अजिबात आवडत नाही. टायटॅनिक बुडायला अडीच तासांच्या वर लागले, माणसांना कळलं, बोटी सोडल्या, निरोप घेतले, सिनेमावाल्याला हवा तेवढा वेळ होता. रामदासवर कुणाला कुणाचा हात धरायलाही वेळ मिळाला नाही. एक गंमत मात्र सांगतो (गंमत कसली म्हणा), टायटॅनिकची वाचलेली माणसं ज्या कार्पेथियाने उचलली ती बोट इंग्लंडात टाईन नदीकाठच्या स्वान हंटर कंपनीने बांधलेली, आणि आपली १९३६ ची रामदासही त्याच कंपनीची. पण हिला वाचवायला कार्पेथिया कुठून येणार, हिच्यावर वायरलेसच नव्हता.

आणि माझ्या मते सिनेमा इथेच आहे. बोट बुडाली नऊच्या सुमारास आणि मुंबईत बातमी पोचली दुपारी तीनच्या आसपास. मधले सहा तास कुणाला काहीच माहीत नाही! धक्क्यावर पुढच्या गाड्या, पुढचे हमाल, लालबागला मिलचा भोंगा वाजतोय, गिरगावात खाणावळीत ताटं लागलीयत, आणि तिकडे रेवसला आपापल्या माणसाला न्यायला आलेले लोक पावसात इरली घेऊन उभे, बोट लेट असेल, पावसाळ्यात होतंच, अजून अर्धा तास बघू. प्रेक्षकाला माहीत आहे आणि पडद्यावरच्या एकालाही माहीत नाही. हे सहा तास ज्याला दाखवता आले त्याने बुडण्याचा सीन पाच मिनिटांत उरकला तरी चालेल, नाहीतर आपल्याकडे अख्खं बजेट लाटेवर घालवतात आणि ती लाट पण कॉम्प्युटरमधून आल्यासारखी दिसते.

माझी आजी (आईची आई) तेव्हा नऊ वर्षांची, रेवसजवळच्या गावात. शेजारच्या काकूचा नवरा मुंबईला कामाला, तो गटारीला येणार म्हणून काकूने आदल्या रात्री वड्यांचं पीठ भिजवून ठेवलेलं, सकाळी कोंबडी कापलेली. आजीला बोटीचं वगैरे पुढे कळलं, पण तिला त्या दिवसाचं काय आठवायचं तर ते पीठ. दुपार गेली, संध्याकाळ गेली, कुणी त्या पातेल्याला हात लावीना, दुसऱ्या दिवशी पीठ फुगून पातेल्याच्या बाहेर आलं आणि घरभर आंबूस वास. "पीठ वर आला न् मानूस नाय आला," एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणजे मासेमटण तसंही दोन महिने बंद, पण पुढे श्रावण सरला तरी त्यांच्या घरात बरेच दिवस मासळी शिजली नाही, कारण किनाऱ्याला काय काय लागत होतं ते पोरांनीसुद्धा पाहिलेलं.

नंतर २०२३ ला पुन्हा अधिक श्रावण आला आणि आषाढी अमावस्या पुन्हा नेमकी १७ जुलैलाच आली. त्या दिवशी मोबाईलवर गटारीचे जोक्स शंभर आले, रामदासचा एकही मेसेज नाही. मी एका ग्रुपवर टाकला तर एकाने विचारलं ही कुठली वेबसिरीज. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबरच विचारलं त्याने, व्हायलाच हवी.

हिरो कोण, असं प्रोड्युसर विचारणार. तर हिरो रेवसचे कोळी. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या त्यांच्या होड्या वाटेत या माणसांना भिडल्या, आणि त्यांनी काय केलं तर भरलेली मासळी समुद्रात ओतून दिली आणि त्या जागी माणसं घेतली. पंचाहत्तरच्या आसपास माणसं त्यांनी काढली म्हणतात. ज्याने आयुष्यात कधी पहाटे उठून मासे विकलेत त्यालाच कळेल टोपली ओतणं म्हणजे काय, तो त्या दिवसाचा धंदा असतो, घरचं मीठमिरची असतं, आणि इथे कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नाही, सरळ ओतलं. मला तो एक शॉट डोळ्यासमोर दिसतो, वरून पाऊस, होडीच्या कडेवरून चकाकती मासळी परत पाण्यात चाललीय आणि त्याच पाण्यातून एक हात वर येतो. पार्श्वसंगीत नको प्लीज.

आणि एक दहा-बारा वर्षांचा अलिबागकडचा मुलगा, त्याच्या हाताला लाईफबॉय (पाण्यात तरंगणारं गोल कडं) लागला आणि भरतीओहोटीत वाहत वाहत तो पार गेटवे ऑफ इंडियाला लागला. हे कुणा लेखकाने कल्पनेतून लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं काहीतरीच फिल्मी.

कंपनीची बाजू पण रंगतदार आहे. गोऱ्यांच्या बोट कंपन्यांपुढे आपल्या लोकांनी उभी केलेली ही कंपनी, लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे, बोटींना नावं संतांची, तुकाराम, रामदास. त्यातली तुकाराम आणि दुसरी जयंती, या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच दिवशी बुडालेल्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वी धडा मिळालेला होता आणि तरी १९४७ ला भर पावसाळ्यात वायरलेसशिवाय बोट सुटते. इथे व्हिलन म्हणून एखादा मिशीवाला इंग्रज उभा केला की सोपं होईल, पण बोट आपली, कंपनी आपली, घाई पण आपलीच. लेखकाला घाम फुटेल ते इथे.

कृपा करून डेकवर लव्हस्टोरी घालू नका. श्रीमंत मुलगी, गरीब खलाशी, कुणीतरी व्हायोलिन वाजवतंय... अहो तास-दीड तासाचा प्रवास तो, त्यात अर्धी माणसं बोट लागून ओकत असतात. आणि भाषा आगरी-कोळी ठेवा, खाली हवं तर सबटायटल द्या, पण पुण्याचं शुद्ध मराठी बोलणारा रेवसचा कोळी आता बघवत नाही, हळदीच्या गाण्यापुरते आम्ही आठवतो तेवढं पुरे झालं. दोनशे कोटी पण लागत नाहीत, चार एपिसोडची सिरीज सुद्धा चालेल.

उशीर करण्यात अर्थ नाही कारण तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. मी दर महिन्याला रो-रोने (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येतो, एसीत बसून तासाभरात पोचतो, लोक समोसे खातात, सेल्फी काढतात, मी पण काढतो. त्या पाण्याबद्दल कुणी चकार शब्द बोलत नाही. माझी आजी गेली तेव्हा मी तिचा आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता, ही चूक माझी, आणि आमच्या आळीत आता विचारायला दोनच म्हातारी माणसं उरलीत, त्यातल्या एकांना ऐकू येत नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या ऑफिसात किंवा एखाद्या जुन्या ग्रंथालयात १८ जुलै १९४७ पासूनच्या आठवड्याचे पेपर मिळत असतील तर त्यातली पानं जशीच्या तशी रविवारच्या पुरवणीत छापा, नावांच्या याद्या असतील तर त्या पण. इकडच्या गावांत बरेच जण आपलं आडनाव शोधतील.

आपला,
एक वाचक, ता. अलिबाग