परक्याला आपली भाषा बोलू द्या

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गोव्यातले तरुण परदेशी का जातात, यावर आपल्या वृत्तपत्रात पुष्कळदा लिहून येते. तिथे गेल्यावर भाषेचे काय होते, हे मात्र फारसे वाचायला मिळत नाही. मी जवळजवळ सहा वर्षे नेदरलँड्समध्ये राहून २०२३ च्या पावसाळ्यात डिचोलीला परत आले. तिथल्या अनुभवातून एक मागणी मनात आली आहे. ती मांडण्यासाठी हे पत्र.

मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रातली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाच वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात लायडनला गेले. लायडनचे विद्यापीठ १५७५ सालचे, आणि रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला जैवविज्ञानातल्या कंपन्यांची मोठी वसाहत. आमच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या देशांची माणसे होती, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत चाले. डच येत नाही म्हणून अडले, असे पहिल्या वर्षात एकदाही झाले नाही. पावाच्या दुकानात मी धीर करून दोन डच शब्द बोलले की काउंटरवरची मुलगी हसून लगेच इंग्रजीत बोलू लागे. तिच्या मनात सौजन्यच असे. पण त्यानंतर मला पुढचा शब्द बोलायची सोय उरत नसे.

२०१९ च्या मार्चमध्ये कंपनीने माझा करार पुढे वाढवला नाही. कुशल कामगाराच्या परवान्यावर राहणाऱ्याची नोकरी गेली की नवी शोधायला साधारण तीन महिने मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. त्या तीन महिन्यांत मी सहा मुलाखती दिल्या. चार ठिकाणी कामाविषयीचे प्रश्न संपल्यावर अगदी साधेपणाने विचारले गेले, ‘डच बोलता का?’ कागदपत्रे इंग्रजीत असतात, पण यंत्रावर काम करणारी माणसे, पाळी बदलताना एकमेकांना द्यायचा निरोप, काही बिघडले तर मारायची हाक, हे सगळे डचमध्ये. इंग्रजीच्या बळावर पहिली नोकरी मिळाली होती, पण दुसरीकडे जायचे तर ते बळ पुरे पडेना.

मी ग्रंथालयात जाऊ लागले ती तेव्हापासून. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ नवख्यांशी डच बोलायला शहरातली माणसे स्वखुशीने येऊन बसत. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. कॉफी आणि एक लांब टेबल. माझ्यासमोर सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की या टेबलावर मी इंग्रजी बोलणार नाही, तुम्हाला शब्द सापडेपर्यंत थांबेन. आणि त्या खरोखरच थांबत. कधी कधी अर्धा मिनिट. परक्या देशात आपल्यासाठी कुणी इतका वेळ गप्प बसणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

त्यांच्याशी माझे पहिले लांबलचक बोलणे झाले ते वेंगुर्ल्यावर. माझे आजोळ तिथले. लहानपणी मामाबरोबर बाजारात जाताना ‘डच वखार’ म्हणून जी पडकी इमारत दिसे, तिच्याविषयी मी मोडक्या डचमध्ये सांगितले. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीचे लोक तिथे व्यापार करत आणि गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवत, हे बाईंना ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात त्या आपण होऊन नकाशा घेऊन आल्या. जुन्या डच कागदांत वेंगुर्ल्याला ‘विंगुर्ला’ म्हणतात, ते त्यांनीच मला दाखवले.

डच अवघड म्हणतात. घशातला ‘ख’ आणि ‘हाउस’ या शब्दातला तो ओठ गोल करून काढायचा स्वर मला शेवटपर्यंत नीट साधला नाही. पण मराठी माणसाला त्या भाषेत ओळखीचे पुष्कळ भेटते, आणि हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितले नाही. चोवीसला ते ‘फीर-एन-ट्विंतिख’ म्हणतात, म्हणजे चार आणि वीस. आपलेही तेच, आधी चो, मग वीस. माझे इंग्रजी बोलणारे सहकारी वजनकाट्यावरचा आकडा ऐकून लिहिताना २४ चे ४२ करत. माझी ती चूक कधी झाली नाही.

वेळेची मात्र झाली. एका डॉक्टरांकडे ‘हाल्फ द्री’ची वेळ मिळाली होती. शब्दशः अर्धा तीन. इंग्रजीच्या सवयीने मी साडेतीनला गेले. ती वेळ होती अडीचची, आणि तोवर माझी पाळी निघून गेली होती. रात्री फोनवर बाबांना हे सांगितले. बाबा डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तीस वर्षे शिकवत होते. ते म्हणाले, ‘अगो, अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. तिसरा अर्धा.’ मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. जो शब्द मी जन्मभर वापरत आले, त्याची उकल मला लायडनच्या एका चुकलेल्या वेळेमुळे झाली. नामांना ‘दे’ लावायचे की ‘हेत’, हे पाठच करावे लागते, अशी तक्रार केली तेव्हाही बाबांचे उत्तर तयार होते: तो दगड, ती वीट, ते लाकूड, याला तरी कुठला नियम आहे?

जूनच्या सुरुवातीला, मुदत संपायच्या जेमतेम आठवडाभर आधी, एका कंपनीच्या उत्पादन विभागात मला काम मिळाले. वर्षभरात डच बोलता आले पाहिजे, अशी अट होती. तिसऱ्याच महिन्यात पाळी बदलताना आधीच्या पाळीचा प्रमुख घाईत सांगून गेला, ‘दी पॉम्प खेब्राउकन व फानदाख नीत.’ तो पंप आपण आज वापरणार... आणि अगदी शेवटी ‘नीत’, म्हणजे नाही. आपल्या वाक्यातही ‘नाही’ शेवटीच येते, त्यामुळे माझा कान शेवटच्या शब्दापर्यंत थांबला होता. माझ्याबरोबरचा नवा मुलगा ‘पंप, वापरणे, आज’ एवढे ऐकून खटक्याकडे निघाला होता, त्याला मी थांबवले. त्या दिवसापासून त्या मजल्यावरची माणसे माझ्याशी डचमध्येच बोलू लागली. हळू, पण डचमध्ये.

आता मूळ मुद्दा. बाबांचे आजारपण वाढले म्हणून मी परतले आणि आता कुंडईच्या वसाहतीत काम करते. आमच्या विभागात ओडिशा, झारखंड, उत्तर कर्नाटकातून आलेली माणसे आहेत. कुणी सात वर्षे इथे आहे, कुणी दहा. त्यांना कोकणी येत नाही, मराठी येत नाही, आणि ‘ह्यांना शिकायचेच नाही’ असे आपण सगळे म्हणतो. परतल्यावर मीही म्हणत होते. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ओडिशाच्या एका बाईने मला विचारले, ‘जेवलीस?’ आणि मी तत्काळ हिंदीत उत्तर दिले. तिचा चेहरा पाहून मला पावाच्या दुकानातली मी आठवले.

आपण गोमंतकीय घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात हिंदी इतक्या सहज बोलतो की समोरच्याला सोपे पडेल ती भाषा घेणे हीच रीत होऊन बसली आहे. भाषेच्या नावाने आपण मोर्चे काढले, १९८७ चा राजभाषा कायदा झाला, त्यावर आजही वाद घालतो. पण बाहेरून आलेल्या माणसासमोर बसून त्याला कोकणीचे किंवा मराठीचे पहिले वाक्य पुरे करू देणारे टेबल आपल्याकडे कुठे आहे?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पणजीत पाटोवर आपले मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचा इतिहास १८३२ पासूनचा. तालुक्यातालुक्यांत सरकारी ग्रंथालये आहेत, गावोगावी संस्थांची वाचनालये आहेत. संध्याकाळी त्यातल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, एक टेबल नवख्यांशी कोकणी-मराठी बोलण्यासाठी ठेवावे. निवृत्त शिक्षकांची गोव्यात वाण नाही. अभ्यासक्रम नको, प्रमाणपत्र नको, आणि त्या टेबलावर हिंदी नको. बाबांना विचारले, ते येतो म्हणाले; चालताना काठी लागते, पण बसून बोलायला काही अडचण नाही.

ज्या वाचनालयाला हे सुरू करायचे असेल तिथे शनिवारी संध्याकाळी मी यायला तयार आहे. डिचोली तालुक्यात कुठेही, आणि कदंबची परतीची बस मिळत असेल तर फोंड्यालाही.

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली