आधी चौकट मोजा

महोदय,
जुन्या घरात जुनेच लाकडी दार बसवताना पहिला रंधा दारावर फिरतो, आणि घोळ तिथेच होतो. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही. जुनी चौकट काटकोनात क्वचितच सापडते. रुंदी वर, मध्ये, खाली तिन्हीकडे घ्या. दारातले मोडके खिळे उपटा, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच! तासायचे ते बिजागरीच्या बाजूने, म्हणजे कुलपाची खाच जागेवर राहते. बाजूंना ३ मिमी फट हवी; दमट हवेत लाकूड फुगते. जड दाराला तीन बिजागऱ्या, तिन्हींच्या पिना एका ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत. ओळंबा चुकला की दार आपसूक उघडते. स्क्रूची सैल भोके डिंक लावलेल्या लाकडी खुंटीने बुजवा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते.

– एक वाचक