काचणाऱ्या पट्ट्याबद्दल गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा होतो. आयुष्यातली बरीच वर्षं कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात गेली. पिस्तुलं उघडायची, साफ करायची, तेल द्यायचं, खटके आणि स्प्रिंगा बदलायच्या, मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची, हे माझं काम. आता निवृत्त आहे. हे पत्र हत्याराबद्दल नाही. हत्यार ज्यात राहतं तो होल्स्टर आणि तो जिच्या अंगावर बांधला जातो ती शिपाई, त्या दोघांबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतली एक मुलगी घरी आली. शीघ्र कृती दलात शिपाई आहे. बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर फक्त म्हणाली, "काका, हा पट्टा जरा बघा ना, सारखा खाली येतो." मग आत जाऊन माझ्या बायकोला तिने मांडी दाखवली. जांघेच्या खाली दोन बोटं रुंदीचा काळानिळा पट्टा, कडेला कातडी सोललेली, आणि त्यावर बंदोबस्ताचे बारा तास घाम. बायको बाहेर आली ती माझ्यावरच चिडलेली होती. मी आणून दिला नव्हता तो होल्स्टर, पण माझ्याच खात्याचा होता.

मांडीवरचा होल्स्टर आपल्याकडे आता सगळीकडे दिसतो. कमरेला चिलखताची कड येते, वर मॅगझिनचे कप्पे, वायरलेस, हातकड्या. पिस्तुलाला जागा उरत नाही, म्हणून ते कमरपट्ट्यापासून खाली लोंबतं सोडून मांडीला बांधायचं. ही रचना जगभर लोकांच्या नजरेत आली ती मे १९८० मध्ये, लंडनच्या इराणी वकिलातीतल्या ओलिसांना ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास तुकडीच्या जवानांनी सोडवलं तेव्हा. त्यांच्या मांडीवर ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल होतं. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिलिमीटर १ए हे त्याच घराण्यातलं पिस्तूल, त्यामुळे त्याचं वजन आणि आकार माझ्या हाताला पाठ आहेत. पण ते जवान निवडून घेतलेले होते आणि काही मिनिटांच्या कारवाईसाठी ते साहित्य अंगावर चढवलेलं होतं. आपला शिपाई ते चढवून सकाळी सहाला उभा राहतो आणि मिरवणूक संपेपर्यंत उभाच असतो.

भरलेलं पिस्तूल साधारण किलोभराचं. कमरेवर असेल तर ते वजन शरीराच्या मधोमध राहतं. मांडीवर आलं की प्रत्येक पावलाला ते वजन पायाबरोबर पुढे-मागे फेकावं लागतं. जितकं खाली, तितका झोका मोठा. धावताना तर ते लोलकासारखं आपटतं. म्हणून या होल्स्टरचा पहिला नियम असा की तो जमेल तितका वर असावा, चिलखताची कड चुकेल इतकाच खाली. हात सैल सोडला की पिस्तुलाची मूठ मनगटाच्या आसपास यायला हवी. पिस्तूल काढायला खांदा झुकवावा लागला तर होल्स्टर खाली आहे, मग तो कितीही महागाचा असो. आपल्याकडे नव्वद टक्के वेळा, हे मी आकडेवारीवरून नाही तर कोताच्या खिडकीतून पाहून सांगतो, तो गुडघ्याच्या जवळ लोंबत असतो.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. मांडी वर जाड आणि खाली निमुळती असते, त्यामुळे आडवा पट्टा आपोआप खाली सरकतो. तो सरकू नये म्हणून माणूस आवळतो. आवळला की उभं असताना बरं वाटतं, पण उकिडवं बसलं की मांडी फुगते. माझ्या जुन्या वहीत काही जवानांची मापं आहेत; उभं आणि उकिडवं यात कुणाचा एक इंच, कुणाचा दीड इंच फरक. हा दीड इंच नायलॉनला कळत नाही. तो कातडीत घुसतो. पट्ट्यात इलॅस्टिकचा तुकडा आणि आतल्या बाजूला रबराची रेघ असली की तो न आवळताही टिकतो. आणि होल्स्टरचा खरा भार पेलायचा असतो तो कमरपट्ट्याकडून येणाऱ्या उभ्या पट्ट्याने. आडव्याचं काम फक्त तो मांडीला धरून ठेवणं. कमरपट्टाच मऊ असेल तर तो एका बाजूला ओघळतो, उभा पट्टा ढिला पडतो, आणि सगळी शिक्षा मांडीला होते. दोन आडव्या पट्ट्यांपैकी खालचा काढून टाकला तर पुष्कळांना लगेच आराम पडतो. हे मी स्वतः करून दिलं आहे, पण त्यासाठी वरचा पट्टा जांघेच्या जवळ नीट बसलेला लागतो.

गडचिरोलीत मी काही काळ होतो. तिथल्या पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाची स्थापना १९९० ची, त्यामुळे मी गेलो तेव्हा जंगलात चालण्याचं शहाणपण तिथे मुरलेलं होतं. नाला ओलांडून आलेल्या माणसाचा नायलॉनचा पट्टा ओला होऊन वाळूसकट घासतो, हे मला तिथे एका नाईकाने दाखवलं. त्याने पट्ट्याखाली जुन्या बनियनची घडी शिवून घेतली होती. साहित्य अंगाला सोयीचं करण्याला मोठी माणसं अर्गोनॉमिक्स म्हणतात, ते त्याने सुईदोऱ्याने केलं होतं.

आणि बधिरपणा. घट्ट कमरपट्टा आणि जांघेशी आवळलेला पट्टा यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला संवेदना नेणारी नस दाबली जाते. मांडीला मुंग्या येतात, आग होते, पुढे चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि पट्टा सैल करायला सांगतात. माझ्या बरोबरीच्या एका हवालदाराने हे तीन वर्षं अंगावर काढलं, कारण त्याला वाटलं वय झालं.

आता त्या मुलीकडे परत येतो. तिला मिळालेला होल्स्टर एकाच मापाचा होता. त्याची मांडीला टेकणारी पाठीची पाटी जाड मांडीच्या पुरुषाच्या हिशोबाने रुंद. तिच्या मांडीवर ती टेकत नव्हती, दोन्ही कडा रुतत होत्या. पट्टा शेवटच्या छिद्रापर्यंत ओढूनही सैल, म्हणून तिने नाडीने बांधला होता. कमरेवरचा होल्स्टर तिला त्याआधी दिलेला होता, पण नितंब रुंद असल्याने पिस्तुलाची मूठ आत वळून बरगडीत घुसत होती. म्हणजे वर बरगडी आणि खाली जांघ. शिवाय बक्कल असं की बाथरूमला जायचं तर सगळं साहित्य उतरवावं लागतं, आणि बंदोबस्तात बाथरूम कुठे मिळतं ते आपल्याला माहीत आहे. पाळीच्या दिवसांत तो वरचा पट्टा नेमका कुठे घासतो, हे तिने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला. मी तीस वर्षांत हा विचार केला नव्हता. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. भरतीत जागा ठेवली, मग साहित्याच्या मापातही ठेवायला हवी होती.

मी बसस्टँडसमोरच्या गटईवाल्याकडे बसून तिचा होल्स्टर दुरुस्त केला. पाटीच्या कडा तासल्या, वरच्या पट्ट्यात इलॅस्टिक घातलं, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाके मारले, खालचा पट्टा काढला, उभा पट्टा तीन बोटं आखूड केला आणि एका हाताने सुटणारं बक्कल लावलं. दोन तास आणि दीडशे रुपये. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला की आता पिस्तूल अंगावर आहे हे विसरायला होतं.

पण असं प्रत्येकाने करू नये, हेही सांगितलं पाहिजे, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. ग्लॉक १७ या पिस्तुलाला बाहेरून हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नाही. त्याची सुरक्षा ट्रिगरवर आणि आतल्या यंत्रणेत आहे, ट्रिगर दाबला की ती सुटते. त्यामुळे होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे आणि तोंड कडक राहिलं पाहिजे. "सगळ्या पिस्तुलांना चालेल" असं सांगून विकलेल्या मऊ कापडी होल्स्टरमधून पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं. परत घालायला दुसरा हात लागतो, आणि कापडाची घडी ट्रिगरमध्ये अडकू शकते. आराम आणि सुरक्षा हे इथे दोन वेगळे विषय नाहीत. जो होल्स्टर काचतो, तो जवान सारखा हाताने सरकवत राहतो, आणि सारखा हात पिस्तुलाकडे जाणं हेच धोक्याचं.

महोदय, निविदेत सगळ्यात कमी दराची बोली घेतली जाते, हे मला समजतं. ते पैसे जनतेचे आहेत. पण बुटाची निविदा काढताना आपण सहा नंबर आणि दहा नंबर एकच मानत नाही. मग होल्स्टरच का? नमुना मंजूर करणाऱ्या समितीत बहुतेक वेळा तो टेबलावर ठेवून पाहिला जातो. तो एका उंच शिपायाच्या, एका बारीक महिला शिपायाच्या आणि पोट सुटलेल्या एका हवालदाराच्या अंगावर बांधा. त्यांना जीपमध्ये बसवा, उकिडवं बसवा, चारशे मीटर पळवा, आठ तास उभं करा. मग पट्ट्याखालची कातडी बघा. स्वीडनमध्ये पोलिसांना कमरेवरचा आणि मांडीवरचा होल्स्टर बांधून चालायला लावलं आणि त्यांच्या चालीचं मोजमाप केलं. २०१६ साली ते प्रसिद्धही झालं. आपल्याकडे प्रयोगशाळा नको, कवायतीचं मैदान पुरेल.

आणि प्रत्येक मुख्यालयात एका आर्मोररला मापं घ्यायचं, पट्टे बसवून द्यायचं काम नेमून द्या. नवीन होल्स्टर दिल्यावर पंधरा दिवसांनी तो परत मागवून बघावा, कारण नवा पट्टा ताणतो आणि माणसालाही कुठे काचतं ते पहिल्या दिवशी सांगता येत नाही. महिला शिपायांची मापं महिलेनेच घ्यावीत आणि त्यांना जे सांगायचं आहे ते वरिष्ठांसमोर उभं न राहता सांगता यावं.

माझ्या वहीतली मापं, पट्ट्यांचे कागदी नमुने आणि त्या मुलीच्या होल्स्टरमधून काढलेली नाडी मी जपून ठेवली आहे. ज्या कार्यालयात बोलवाल तिथे घेऊन येईन. एसटीचं भाडं माझं मी देईन.

आपला,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर