युविकाची बातमी पाड्यापर्यंत पोचवा

संपादक साहेब,

इस्रोचं 'युविका' हे शाळकरी मुलांचं विज्ञान शिबिर २०१९ ला सुरू झालं, नववीच्या पोरांना उन्हाळ्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शास्त्रज्ञांकडून शिकायला मिळतं, प्रवासभाडं, राहणं, जेवण सगळा खर्च इस्रोच करते आणि खेड्यातल्या शाळेच्या मुलांना निवडीत जादा गुणही असतात. पण आमच्या जव्हारकडच्या पाड्यांवर हे कळतच नाही हो! माझ्या वर्गातली एक मुलगी, बंद पडलेला रेडिओ खोलून परत वाजता करणारी, तिचा फॉर्म भरायला आम्ही टेकडीवर रेंज शोधत बसलो, साईट उघडली तर मुदत आदल्या दिवशीच संपलेली. ती काहीच बोलली नाही, वही मिटली फक्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये फॉर्म सुटले की ठळक छापा ना, पेपर इथं एसटीने दुपारी येतो पण वर्गात मोठ्याने वाचला जातो.

एक शिक्षक, जव्हार