मुलांना मतदानाला नेण्याविषयी आई-बाबांना

इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

नगर निगमाच्या, म्हणजे इंदूर महापालिकेच्या, पुढच्या निवडणुकीत दोन्ही मुलांना बरोबर नेण्याचा आमचा विचार बाबांना रुचलेला नाही, हे परवा फोनवर कळले. मतदान केंद्र म्हणजे जत्रा नव्हे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मुले पडद्याआड येणार नाहीत. आम्ही आळीपाळीने मत देऊ आणि तोवर एक जण त्यांच्यापाशी बाहेर थांबेल. मत कोणाला दिले, हेही मी त्यांना सांगणार नाही. तरीही त्यांना न्यायचेच, असे मी ठरवले आहे.

दिल्ली-भोपाळचा कारभार मुलांना बातम्यांतूनच दिसतो, निगमाचा मात्र दारात दिसतो. कचरागाडीचे गाणे ऐकू आले की थोरली ओल्या-सुक्याचे डबे घेऊन धावते, एक दिवसाआड येणारे नर्मदेचे पाणी भरताना नळापाशी उभी राहते आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद असला की वडिलांच्या मोबाईलवरून 311 ॲपवर तक्रार टाकायला लावते. मग हे सारे चालवणारी माणसे कशी निवडली जातात, हे तिने पाहू नये का? आपल्याकडे महापौर आणि पार्षद (नगरसेवक) अशी दोन मते द्यावी लागतात आणि शहरात 85 वॉर्ड आहेत, एवढे तिला ठाऊक आहे. 2015 मध्ये निवडलेल्या परिषदेची मुदत 2020 मध्ये संपूनही पुढचे मतदान थेट जुलै 2022 मध्ये झाले, हे सांगितल्यावर तिने लगेच विचारले, "मग तेव्हा दिव्याची तक्रार कोण ऐकत होतं?" अधिकारी ऐकत होते, असे मी म्हणाले, पण त्यांना आपण निवडलेले नव्हते, हेही सांगावे लागले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. निम्मे वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव असतात, हे ऐकून ती खूश झाली होती. पण एका फलकावर उमेदवार बाईंपेक्षा त्यांच्या पतीचा फोटो मोठा का, याचे उत्तर मला धड देता आले नाही. आई, तू असतीस तर एका वाक्यात दिले असतेस, आणि ते बहुधा पत्रात लिहिण्याजोगे नसते.

परिषदेची मुदत 2027 मध्ये संपते. बाबा, त्याआधी दिवाळीला याल तेव्हा नर्मदा इंदुरात आणण्यासाठी 1970 मध्ये झालेले आंदोलन तुम्ही मुलांना सांगावे, अशी विनंती आहे. 1978 मध्ये पाणी आल्याचे मी सांगू शकेन, परंतु त्या मोर्चात चाललेला माणूस घरात असताना ते माझ्याकडून कशाला ऐकायचे? आईचे गुडघे कसे आहेत, ते कळवावे.

आपली लेक