अल्फामातल्या आजी, तुमचा तुवालो आमच्याकडेच राहिलाय

आजी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं आजी म्हणते. ऑक्टोबरातली दुपार, भुरभुर पाऊस, लिस्बनच्या अल्फामातल्या पायऱ्यांवर घसरून पडलेली साडीतली बाई आणि तिला एकटीने उठवता न येणारी तिची मुलगी, ती आम्ही. ह्याचं पोर्तुगीज मी कोणाकडून तरी करून घेणार आहे, पण आधी मराठीत लिहितेय कारण आईला वाचून दाखवायचंय आणि मला हे दुसऱ्या भाषेत नीट सांगता येणारच नाही.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून चालतच होतो. नदीकाठच्या त्या प्रचंड चौकातून, प्रासा दो कोमेर्सिओमधून निघालो, कमानीखालून बायशाच्या, म्हणजे शहराच्या खालच्या भागाच्या, सरळसोट रस्त्यांवर. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी भूकंप झाला, मग समुद्राचं पाणी आत आलं आणि मग कित्येक दिवस आग, त्यानंतर तेव्हाचा मंत्री पोंबालने हा सगळा भाग आखून नव्याने बांधून घेतला, घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचे सांगाडे घालून, पुन्हा हादरा बसला तर घर पडू नये म्हणून. हे मी आईला वाचून दाखवत होते. वर कार्मोचं छत नसलेलं चर्च बघितलं, नुसत्या कमानी आणि वर आभाळ, तिथे आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग खाली उतरून पुन्हा चढ, ११४७ साली बांधायला घेतलेलं सेचं कथेड्रल, आणि तिथून सांता लुझियाच्या कठड्यापर्यंत. तिथल्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, भूकंपाच्या आधी तो नदीकाठचा चौक कसा दिसायचा त्याचं. सकाळी आपण इथेच उभे होतो ना गं, असं आईने बोट ठेवून विचारलं. मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडलेलं हे, तुम्ही भेटायच्या आधीचं.

खरं तर तिथून ट्रामने परत जायला हवं होतं. पण अल्फामा त्या भूकंपातून बरंचसं वाचलं, जुनं लिस्बन बघायचं तर तिथेच, असं माझ्या डोक्यात बसलेलं, म्हणून मी आईला त्या पायऱ्यांवरून खाली न्यायला लागले. आई ६८ वर्षांची आहे हे मी विसरले, त्याबद्दल अजून वाईट वाटतं. तुमच्याकडचे ते पांढरे चौकोनी दगड पावसात साबण लावल्यासारखे होतात. ती पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, एकदम खालीच बसली, गुडघा आणि तळहात सोलवटलेले.

तुम्ही दाराशी छोट्या टेबलावर जिंजाची, त्या चेरीच्या गोड दारूची, बाटली आणि इवलेसे कप मांडून बसला होता. ते सगळं तसंच टाकून तुम्ही आलात. एका बाजूने मी, एका बाजूने तुम्ही. मग घरात वळून कोणाला तरी मोठ्याने म्हणालात, "कादेइरा!" आणि आई, जिच्या डोळ्यात पाणी होतं, ती एकदम म्हणाली, "कदेल!" तिच्या कोकणीत खुर्चीला हेच म्हणतात.

आजी, आईचा जन्म म्हापशाचा, १९५७ चा, म्हणजे गोव्यातलं पोर्तुगीज राज्य संपायच्या चार वर्षं आधीचा. लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि ते सगळं मागे पडलं. घरातल्या मोठ्यांनी त्या राजवटीबद्दल चांगलं असं कधी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे लिस्बनला जाऊया म्हटल्यावर ती आधी गप्पच झाली होती, आली ती माझ्या हट्टापायी. आणि इथे तुम्ही खिडकी उघडून झनेला म्हणताय, ही म्हणतेय जनेल. बाल्द म्हणजे आमची बालदी. तुआल्या म्हणजे टॉवेल, तिचा तुवालो. गुडघ्यावरची माती तुम्ही कोमट पाण्याने पुसत होता, एकेक खडा हळूच काढत होता, आणि आई दुखतंय हे विसरून घरातल्या वस्तूंकडे बोट दाखवत होती. दाराची चावी दाखवली, तुम्ही शाव्ह म्हणालात, दोघी हसलात. मग पाव आला, बरोबर चीज, आणि पाव हा शब्द तर तुम्ही नाकातून म्हणता तस्साच आईची आजी म्हणायची म्हणे. मी मध्ये नुसती बसून होते, मोबाईलवरचं ट्रान्सलेट उघडलेलं तसंच हातात.

जाताना पैसे देऊ केले तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत. आणि आम्हाला एकटं सोडलंही नाहीत, गल्लीत गाडी येत नाही म्हणून आईचा दंड धरून थेट खालच्या रस्त्यापर्यंत आलात. मध्ये दगड पायांनी गुळगुळीत झालेत, भिंतीच्या कडेचे अजून खरखरीत आहेत, तिथून चालायचं, हे तुम्ही बोलून नाही, पाय ठेवून ठेवून दाखवलंत. पुढचे चार दिवस आई सगळीकडे भिंतीच्या कडेनेच चालली आणि मलाही तसंच चालायला लावलं.

त्या रात्री हॉटेलवर ती म्हणाली, माझी आजी "कदेल हाड गो" म्हणायची, मी विसरूनच गेले होते बघ. मग म्हापशाचं घर, विहीर, शुक्रवारचा बाजार, असं कितीतरी सांगत राहिली. मी ह्यातलं काहीही आधी ऐकलेलं नव्हतं. आजी, गुडघ्यासाठी तर आभार आहेतच, पण खरे आभार ह्या रात्रीसाठी.

गुडघा आता बरा आहे. गुडघ्याला बांधून दिलेला तुमचा तो निळ्या काठाचा तुवालो आमच्याबरोबरच आला, गडबडीत लक्षातच आलं नाही. आईने तो धुऊन, इस्त्री करून, कपाटात तिच्या साड्यांच्या वर ठेवलाय आणि दर दोन दिवसांनी मला विचारते, त्यांचा तुवालो पोचवायचं काय केलंस?