पाहून झालं की फोन कर

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं जरा वाजलंच. तू म्हणालास, "आई, पुरस्कार म्हणजे सगळं सेटिंग असतं. आणि सिनेमे बघण्यातच आता काही राम राहिला नाही. गोष्ट दोन मिनिटांत वाचून होते, मग तीन तास कशाला घालवायचे?" मी तडकले आणि नीट काही बोलूच शकले नाही. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विषय बदलला. पण माझ्या मनातून ते जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

तू नववीत असताना एका लघुपट स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. मी दोन दिवस घरी नव्हते, एवढंच तुला आठवत असेल. तिथे काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. बाबांनाही अर्धंच सांगितलं.

आम्ही पाच परीक्षक होतो आणि एकतीस लघुपट होते. त्यातला एक अकरा मिनिटांचा होता. एक म्हातारा शर्टाचं बटण लावायला बसतो. कॅमेरा त्याच्या दोन हातांवर येतो आणि तिथेच थांबतो. दोऱ्याचं टोक तो ओठांत धरून ओलं करतो, चिमटीत वळतो, सुई उजेडाकडे धरतो. दोरा बाजूने जातो. पुन्हा वळतो, पुन्हा जातो. एकदा त्याला वाटतं की ओवला. तो दोरा ओढतो, तर सुई एका हातात राहते आणि दोरा दुसऱ्या हातात येतो. हे सगळं चार मिनिटं चालतं. संवाद नाही, संगीत नाही, बाहेर कुठेतरी नळ वाहत असल्याचा आवाज तेवढा येतो. शेवटी तो सुई शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवतो आणि शर्ट होता तसा खुंटीला अडकवतो. त्याची बायको गेली आहे हे कुणी बोलत नाही. ते आपल्याला त्या खुंटीपाशी कळतं.

माझ्या अंगावर काटा आला होता. मी वहीत त्या नावापुढे दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दार लावून निकालाला बसलो. वशिल्याचा कुणाचा फोन आला नाही, कुणाचा भाचा स्पर्धेत नव्हता. पाचही जण मनापासून बोलत होते. पण पाच जणांचे पहिले नंबर पाच वेगळे होते! माझ्या म्हाताऱ्याबद्दल एक जण म्हणाले, "चार मिनिटं सुई? प्रेक्षक उठून जाईल." दुसऱ्या बाईंना विषय फार लहान वाटला. मी भांडले. तेही आपापल्या आवडीसाठी भांडले. साडेआठ वाजले तरी कुणी हटेना. मग कुणीतरी एका लघुपटाचं नाव काढलं, जो कुणाचाच पहिला नव्हता पण सगळ्यांच्या यादीत दुसरा-तिसरा होता. स्वच्छ चित्रण, नेटकं संकलन, बोट ठेवावं अशी एकही जागा नाही. सगळे थकले होते. मीही हात वर केला.

म्हणून तू "सेटिंग" म्हणालास तेव्हा मला लागलं. त्या खोलीत बेइमानी नव्हती. अनेक माणसांचं एकमत व्हायचं असलं की कुणालाच फारशी न खुपणारी गोष्ट पुढे सरकते आणि एखाद्याच्या काळजाला भिडलेली मागे राहते. हे छोट्या स्पर्धेत होतं तसंच मोठ्या पुरस्कारांतही होतं. ऑस्करच्या सर्वोत्तम चित्रपटाचं मतदान घे. २००९ च्या चित्रपटांपासून तिथे पसंतीक्रम लावायची पद्धत आहे. प्रत्येक सभासद पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. कुणाला तरी बहुमत मिळेपर्यंत हे चालू राहतं. म्हणजे तिथे जिंकायला नुसतं कुणाचं तरी जीव की प्राण असणं पुरत नाही. बाकीच्यांच्या यादीतही वर असावं लागतं. आमच्या त्या दार लावलेल्या खोलीचंच हे हजारो माणसांचं रूप.

सगळीकडे सगळं स्वच्छ असतं असं मी म्हणत नाही. मोठ्या कंपन्या मतदारांपर्यंत आपला चित्रपट पोहोचवायला प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओततात. छोट्या निर्मात्याला ते कुठून झेपणार? तुझा राग त्या बाबतीत रास्त आहे, मलाही तो येतो. पण एका गोष्टीचा मला त्याहून जास्त राग येतो. अंतिम मत देण्याआधी त्या विभागातले सगळे चित्रपट पाहिलेच पाहिजेत, हा नियम ऑस्करवाल्यांनी केला तो २०२५ साली, आणि तो लागू झाला २०२६ च्या पुरस्कारांना. त्यांचा पहिला सोहळा झाला होता १९२९ साली! इतकी वर्षं बहुतेक विभागांत न पाहता मत देणं चालून जात होतं. हे वाचलं तेव्हा मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

आणि बाळा, हाच नियम मला तुलाही लावायचा आहे. तू गेल्या वर्षात किती चित्रपट पूर्ण पाहिलेस? मी विचारलं तर म्हणालास, "दोन, तेही दीडपट वेगाने." मग सिनेमात राम राहिला नाही हे तू कशावरून ठरवलंस? किती स्टार मिळाले, कुठला पुरस्कार हुकला, कोण काय म्हणालं, यावरूनच ना? पुरस्कारांवर तुझा विश्वास नाही म्हणतोस, आणि तुझं सगळं मत त्यांच्यावरच उभं आहे. जिंकला की सेटिंग, हरला की त्यात दम नव्हता. चित्रपट मात्र बघायचा राहूनच गेला.

एखाद्याला पुरस्कार मिळाला नाही यावरून काहीच ठरत नाही. आपल्या मराठीचंच बघ. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले १९५४ साली, आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं. त्यानंतर तो सर्वोच्च मान मराठी चित्रपटाकडे पुन्हा आला तो थेट २००४ साली, 'श्वास'च्या रूपाने. मधली पन्नास वर्षं मराठीत पाहण्यासारखं काही झालंच नाही का? आजोबांसमोर असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी त्याला रात्रभर बसवून नावं ऐकवली असती. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'ला ऑस्करची नऊ नामांकनं होती आणि मिळाला एकच पुरस्कार, मूळ पटकथेचा. पुढे 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा जो कौल घेतं, त्यात १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा तोच पहिला होता. २०१२ मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली खेचलं. हा 'व्हर्टिगो' १९५८ साली आला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती, आणि हिचकॉकला दिग्दर्शनाचं ऑस्कर पाच वेळा नामांकन होऊनही कधी मिळालं नाही.

याच्या पुढचं ऐक, कारण ते मला फार जवळचं आहे. २०२२ च्या कौलात पहिला आला शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान दिलमान'. त्याआधीच्या, २०१२ च्या कौलात तो पहिल्या तिसांतही नव्हता. जवळपास तीन तास वीस मिनिटांचा चित्रपट. एका विधवा आईचे तीन दिवस, तिचं स्वयंपाकघर, तिची आवराआवर. ती बटाटे सोलते आणि आपण ते सोलणं बघत बसतो. निकाल लागल्यावर यावरही कडाक्याचे वाद झाले. हा कसला पहिला नंबर, असं म्हणणारे जाणते लोकही होते. मला मात्र ती बातमी वाचून माझा सुईवाला म्हातारा आठवला. "प्रेक्षक उठून जाईल" असं आम्ही ज्याच्याबद्दल ठरवून टाकलं, ते बघायला माणसं तीन तास बसतात, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याला पहिलं म्हणतात.

मग पुरस्कार हवेतच कशाला, असं तू म्हणशील. ते हवेत, कारण त्यांच्यामुळे चित्रपट अंधारातून वर येतात. १९५१ साली जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' व्हेनिसच्या महोत्सवाला गेला. तो तिकडे पाठवला आहे हे खुद्द कुरोसावालाच माहीत नव्हतं, आणि ज्या कंपनीने तो काढला तिलाही त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला तिथला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला आणि जगाची नजर जपानी चित्रपटांकडे वळली. एका परीक्षक मंडळाने हात वर केले नसते तर मी तरी तो कधी पाहिला असता? पुरस्काराचं मला काम आहे ते एवढंच. त्याने मला नाव सांगावं. पुढचं माझं मी बघेन.

तीन तास कशाला घालवायचे, या तुझ्या प्रश्नावर येते. त्या लघुपटाची गोष्ट एका वाक्यात लिहिली तर काय होईल? "म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही." वाचून झाली. तुझे तीन सेकंद गेले आणि हाती काही आलं नाही. दीडपट वेगाने पाहिलास तर त्या चार मिनिटांची जेमतेम पावणेतीन होतील आणि त्याची बोटं बावळटासारखी घाई करताना दिसतील. तिसऱ्यांदा दोरा चुकतो तेव्हा आपल्याला कंटाळा येतो, पाचव्यांदा आपल्याच बोटांना मुंग्या येतात, आणि त्यानंतर आपण त्याच्यासाठी मनातल्या मनात सुई धरून बसतो. या सगळ्याला चार मिनिटंच लागतात. ती वाचवलीस तर तेच जातं.

बाबांचं आणि माझं यावर कधीच पटलं नाही, तुला ठाऊक आहे. महोत्सवात गाजलेला एक चित्रपट पाहायला मी त्यांना हट्टाने नेलं आणि मध्यंतरापर्यंत ते गाढ झोपले. मी परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलले नाही. त्यानंतर काही दिवसांनी ते टीव्हीवर एक जुना चित्रपट लावून बसले होते. कुठलाही पुरस्कार न मिळालेला, मी नाव ऐकूनच टाकाऊ ठरवलेला. मी आतून काहीतरी आणायला म्हणून त्या खोलीत गेले. पडद्यावर एक बाप शाळेच्या दारात पोराच्या बुटाची नाडी बांधत होता. गाठ मारून झाली, पोर आत पळालं, त्याने मागे वळून पाहिलं नाही. बाप तसाच उकिडवा बसून राहिला. बाबा चष्मा काढून पुसत होते. तू वसतिगृहात जाऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. मी शेजारी बसले आणि राहिलेला अर्धा तास पाहिला. तो चित्रपट मोठा आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण तो पाहण्याजोगा होता की नव्हता हे मला त्यांच्याकडे बघून विचारायची गरज उरली नाही.

आता जे बाबांनाही सांगितलं नाही ते सांगते. बक्षीस समारंभ संपल्यावर जिन्यात एक मुलगी मला थांबवून उभी राहिली. विशीतली असेल. त्या सुईच्या लघुपटाची दिग्दर्शिका. म्हणाली, "मॅडम, माझं काय कमी पडलं तेवढं सांगा." मला सांगता आलं असतं की तुझं काही कमी पडलं नाही, माझ्या वहीत तुझं नाव पहिलं होतं, आम्ही पाच जण होतो आणि रात्र झाली होती. पण निकालाबद्दल बाहेर बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. मी "छान प्रयत्न होता, करत राहा" म्हणाले आणि खाली उतरले. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. तिने माझ्या त्या पाच शब्दांवरून स्वतःबद्दल काय ठरवलं असेल, हा विचार मला कितीतरी रात्री छळत राहिला.

गेल्या आठवड्यात तो लघुपट मला नेटवर सापडला. तिनेच टाकला आहे. बघणारे अगदी थोडे. मी तिला त्याखाली लिहिलं, जे जिन्यात सांगायला हवं होतं ते सगळं. अजून उत्तर आलेलं नाही.

लिंक तुला वेगळी पाठवते आहे. अकरा मिनिटं आहेत, वेग वाढवू नकोस, मोबाईल आडवा धर आणि कानात हेडफोन घाल म्हणजे तो नळ ऐकू येईल. पाहून झालं की फोन कर. नाही आवडला तरी कर.

तुझी,
आई